कोरं ठेवलेलं साल

९ नोव्हेंबर १६२०, डेर्वेन

लौरी दोन दिवस माझ्याशी गोड बोलतेय. कुठेतरी पाणी मुरतंय.

१० नोव्हेंबर

काल एवढंच लिहून वही मिटावी लागली, ती खोलीत आली. आज कडी लावून बसलोय.

सव्वीस वर्षांच्या संसारात या बाईने मला कधी "बरं वाटतंय ना?" असं विचारलं नाही. घोड्यावरून पडून बरगडी मोडली तेव्हासुद्धा पहिला प्रश्न — "घोड्याला लागलं नाही ना?" आणि परवापासून चालू आहे. छातीत दुखतं का, जिना चढताना दम लागतो का, तुमचे वडील कितव्या वर्षी गेले? वडील कितव्या वर्षी गेले हे तिला माहीत नाही? तिनेच तर त्यांचे डोळे मिटले!

आणि वेळ बघा. राजाने पार्लमेंट बोलावलंय. आमच्या परगण्यातून एकच माणूस लंडनला जायचा. दोनदा मी गेलोय, यंदाही मीच जाणार — पण केनंटच्या प्रोथेरोलाही डोहाळे लागलेत. नाताळ झाला की कचेरीच्या आवारात सगळे जमीनवाले जमतील, आणि ज्याच्या नावाचा गलका मोठा तो गेला लंडनला. म्हणून प्रोथेरो बाजारात सांगत फिरतोय, "डेर्वेनचे लॉइड? तीन पिढ्यांमागे दुसऱ्यांच्या मेंढ्या हाकत होते!"

मेंढ्या! आमच्या सतरा पिढ्या तोंडपाठ असलेला माणूस माझ्या शेकोटीशी बसलाय. त्या दिवशी तिदिरला पायरीवर उभा करतो. ऐकू देत सगळ्या परगण्याला. ज्याला आपला आजा-पणजा सांगता येत नाही त्याला इथे कोण विचारतो?

१३ नोव्हेंबर

तिदिरला सांगितलं, तयारीला लाग. हा आमच्या घरचा कवी. बाबांनी ठेवलेला. चौऱ्याहत्तर वर्षांचा झालाय, दोन्ही डोळ्यांवर दुधावर धरावी तशी साय धरलीय. पण डोकं शाबूत. मला मांडीवर घेऊन ही सगळी नावं यानेच शिकवली, चुकलं की कान पिळायचा.

"सतरा म्हणू?" म्हणाला.

"नेहमीसारखं. ब्लेधिन सोडून."

"मग सोळाच झाले, धनी. काय वाकडं केलंय त्याने तुमचं? एका बुटात लढला बिचारा."

"एका बुटात पळाला! आणि येताना शेजाऱ्याची गुरं हाकत आणली."

"शेजारीही तसलाच होता," म्हणे.

पंधरा वर्षं झाली, एकदा मोठ्या पाहुण्यांसमोर याने तो बुटाचा किस्सा सांगितला आणि सगळे टेबल बडवून हसले. तेव्हापासून ब्लेधिन बंद केलाय मी. पण थेरडा दरवेळी विचारतोच.

मग निघताना म्हणतो, "धनी, तुमची उंची किती भरेल?"

"कशाला?"

"असंच."

असंच! सुतार विचारतो ती गोष्ट कवीला कशाला हवी?

१६ नोव्हेंबर

दिवाणखान्यात गेलो तर लौरी आणि तिदिर एकमेकांच्या कानाशी. मला बघताच गप्प. लौरीच्या हातात लेखणी.

"काय लिहितेस?"

"साबणाची यादी."

साबणाच्या यादीला कवी लागतो? तिदिर हार्पची तार पिळत बसला. ती तार तुटलेली होती!

१९ नोव्हेंबर

घाईघाईत लिहितोय. अक्षर वाचता आलं नाही तर नाही.

लौरी चर्चला गेलेली. हार्पवरचं कापड उचललं. खाली कागद. अक्षर लौरीचं — मी सव्वीस वर्षं ओळखतो ते. वर लिहिलंय —

"लेवेलिनचा मुलगा इथेल, डेर्वेनचा धनी, याच्या मरणावर."

इथेल म्हणजे मी! मी हा इथे बसलोय, सकाळी दोन वाट्या लापशी खाल्लीय!

शोकगीत आहे. आमच्याकडे मोठा माणूस गेला की कवी रचतो तसलं, सगळं रीतसर. पहिली ओळ — "डेर्वेनच्या दारी घोडा उभा, खोगीर रिकामं." मग माझी उंची. (तरीच!) मग लौरीचं रडणं, चार ओळी. आणि शेवटी, जिथे मेल्याचं साल गुंफतात, तिथे "सोळाशे" आणि पुढे कोरं. समासात तिच्याच हाताने —

"अठ्ठावीस — लंगडतं. पंचवीस — छे. वीस — छान बसतं."

वीसच्या खाली रेघ.

हे साल वीस आहे. नवं साल पंचवीस मार्चला लागतं, तोवर वीसच राहणार. म्हणजे माझ्या हातात चार महिने. आणि कोणाला तरी ते छान बसतंय!

आई म्हणायची, जिवंतपणी ज्याने स्वतःचं शोकगीत ऐकलं तो साल काढत नाही. मी ऐकलेलं नाही, वाचलंय. पण मनातल्या मनात वाचताना आवाज येतोच ना? मला तर आला. तिदिरचाच आला.

कागद खिशात घातला. शोधू देत.

२० नोव्हेंबर

लौरी हार्पखाली वाकून काहीतरी शोधत होती. "काय हरवलं?" "सुई." पंधरा वर्षांत तिने सुई हातात धरलेली मी पाहिली नाही.

२२ नोव्हेंबर

विचार करून करून डोकं फुटायची वेळ आली. कोणाचा फायदा? प्रोथेरोचा. मी गेलो की लंडनची वाट मोकळी. प्रोथेरोची आई आणि लौरीची आजी लांबच्या चुलतबहिणी — हे मला इतकी वर्षं सुचलंच कसं नाही!

आजपासून स्वयंपाकघरात स्वतः जाऊन जेवतो. मारेडला म्हटलं, प्रत्येक पदार्थ आधी तू चाखायचा, माझ्यासमोर. मारेड तीस वर्षं आमच्या चुलीशी आहे, तिला कोणाची भीती नाही. पळी भरून मटणाचा रस्सा ओरपला, मिटक्या मारल्या, दुसरी पळी ओरपली, म्हणाली, "मालक, अजून खात्री होत नाही. अजून एक घेते."

अर्धं भांडं संपवलं बाईने.

२६ नोव्हेंबर

लौरीने खोकल्यावर मधाचं चाटण करून आणलं. खिडकीतून ओतलं. खाली कोंबड्या होत्या. दिवसभर त्या कोंबड्यांकडे बघत बसलो. एकही मेली नाही. म्हणजे हळू चढणारं असेल.

३ डिसेंबर

झालं एकदाचं!

सकाळी दिवाणखान्यात सगळ्यांसमोर विचारलं. "तिदिर, माझ्यावर काय रचतोयस?"

त्याचा चेहरा पांढराफटक. "निवडणुकीसाठी नावं घोकतोय, धनी."

"ते नाही. दुसरं."

तो हळूच, "ते विचारू नका."

"का विचारू नको? माझ्या घरात, माझी भाकरी खाऊन, माझ्याच—" टेबलावर मूठ आपटली. "कोणी सांगितलं रचायला? प्रोथेरोने?"

"कोणीच नाही सांगितलं. पाया पडतो, विचारू नका. मी सांगितलं तर तुमचंच वाईट होईल."

धमकी! माझ्या छपराखाली मला धमकी! म्हटलं, "हार्प उचल आणि चालायला लाग. आत्ता."

वाटलं होतं हातापाया पडेल. नाही पडला. चाचपडत उठला, हार्प कापडात गुंडाळली, वंशावळीची वही काखेत मारली. दाराशी थांबून म्हणाला, "डोंगरावरून येणाऱ्या वाऱ्यात टोपीशिवाय बसू नका. वडिलांना त्यानेच खोकला झाला होता."

लौरी धावत गेली आणि स्वतःचा तपकिरी झगा त्याच्या खांद्यावर टाकला. परत येऊन माझ्यासमोर उभी राहिली. "त्याला दिसत नाही. बाहेर बर्फ आहे. तुम्हाला लाज कशी वाटत नाही?"

"तुला वाटते का?"

"मला?" म्हणाली. "मला कशाची?" आणि खरंच न कळल्यासारखी बघत राहिली. नाटक करावं तर हिने.

५ डिसेंबर

बाजारात कळलं — तिदिर कुठे गेला? केनंटला! प्रोथेरोच्या घरी! आता बोला. मी वेडा नाही.

९ डिसेंबर

लौरी माझ्याशी बोलत नाही. झोपायला सासरी गेलेल्या मुलीच्या जुन्या खोलीत जाते. हे मला बरंच आहे, झोप नीट लागेल.

नाही लागत.

१४ डिसेंबर

ऑक्सफर्डहून रॉजरचं पत्र. आमचा एकुलता मुलगा. सगळं इंग्रजीत. निवडणुकीला शुभेच्छा, नवी बूटजोडी हवी, आणि "घरी तो म्हातारा अजून बडबडतो का? इथे मित्रांना त्याची नक्कल करून दाखवतो." मला हसू आलं नाही. का आलं नाही ते कळलं नाही.

१८ डिसेंबर

एक भयंकर गोष्ट ध्यानात आली. पायरीवर वंशावळ म्हणणार कोण?

वही तिदिर घेऊन गेला. दुसरा कवी या परगण्यात उरलेला नाही. दोघे होते, एक पाच वर्षांमागे गेला, दुसरा गेल्या वसंतात, आणि शिकाऊ कोणी घेतलाच नव्हता. शिकायला आलं तरी कोण? सगळ्यांची पोरं ऑक्सफर्डला. माझाही तिथेच. आता मीच म्हणतो. लहानपणी पाठ होतं, आताही होईल. गोठ्यात गाईंसमोर म्हणून पाहिलं. सुरळीत. गाईंना आवडलेलं दिसलं.

२४ डिसेंबर

मारेड म्हणते, "मालक, आज चाखायची गरज नाही, आज बाईसाहेब जेवल्याच नाहीत. विष असतं तर निदान भूक तरी लागली असती घरात कोणाला." मी म्हटलं, तोंड आवर. ती म्हणाली, "आवरलंय, म्हणून एवढंच बोलले."

२८ डिसेंबर

निकाल लागला. जसं झालं तसं लिहितो. मला अजून नीट उमगलेलं नाही.

कचेरीच्या आवारात बर्फाचा चिखल. दीडदोनशे माणसं. वरच्या डोंगराळ वाड्यांमधले लोक एका बाजूला, पायाला चिंध्या गुंडाळलेले. ते कोणाकडे जातील ते कोणालाच माहीत नव्हतं. शेरीफ वर खुर्चीत. प्रोथेरो आधी चढला. पंधरा नावं खडाखडा. मग माझ्याकडे वळून म्हणतो, "आता लॉइडसाहेबांनी आपला आजा सांगावा! ऐकतो, त्यांचा कवी पळून गेला म्हणे."

कोणाकडे पळाला ते नाही सांगितलं.

मी चढलो. टोपी काढली. सुरुवात झकास. "इथेल, लेवेलिनचा. लेवेलिन, इन्यरचा. इन्यर, मॅडोगचा. मॅडोग, कादेलचा. कादेल, आइन्यनचा. आइन्यन, गोरोन्वीचा. गोरोन्वी..."

आणि जिभेवर ब्लेधिन आला. लहानपणी तसंच शिकलो होतो ना! गाईंसमोर म्हणताना आपसूक टळला होता, इथे दोनशे तोंडांसमोर नाही टळला. मी त्याला मागे ढकलला, आणि तो जाताना पुढचे सगळे घेऊन गेला. डोकं कोरं. एकही नाव नाही.

"अडलं घोडं!" कोणीतरी ओरडलं.

"गोरोन्वीला कोणी आणला रे? बोक्याने?"

"मेंढीने!"

आवारभर हशा. प्रोथेरो तर गुडघ्यावर थाप मारून हसत होता. मला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. तोंड उघडलं, मिटलं. शेरीफ खुर्चीतून पुढे झुकला. संपलं, लंडन गेलं, नाव गेलं, मेंढ्या हाकणारे ठरलो.

तेवढ्यात मागून एक फाटका आवाज. "ब्लेधिनचा! गोरोन्वी, ब्लेधिनचा! एका बुटाच्या ब्लेधिनचा!"

प्रोथेरोच्या गाडीवर, गवताच्या पेंढीवर, तिदिर. अंगावर लौरीचा तपकिरी झगा.

हशा एकदम थांबला. डोंगराळ वाडीतला एक म्हातारा पुढे आला, दात एकच, म्हणाला, "ब्लेधिन? एका बुटाचा? अरे, तो तर आमचा ब्लेधिन!"

"आमचाही!" दुसरा.

"गुरं आणली तो?"

"तोच की! त्या गुरांवर आमची वाडी उभी आहे!"

"मग हा लॉइड आपला भाऊबंद निघाला, म्हणा!"

"इतकी वर्षं लपवून कशाला ठेवला होता, दादा?" एकजण मला विचारतो. मला! दादा! आणि मग जो गलका उठला — लॉइड! लॉइड! — कचेरीच्या छपरावरून बर्फ घसरून खाली आलं. शेरीफला हात कानावर ठेवूनच माझं नाव पुकारावं लागलं.

लोक मला खांद्यावर घेत होते तेव्हा तिदिर अजून म्हणतच होता. ब्लेधिन, म्युरिगचा. म्युरिग, कॅरादोगचा. कोणी ऐकत नव्हतं. पार सतराव्यापर्यंत म्हणाला. मग माझ्या दिशेने तोंड केलं. माझ्याकडे नाही, जरा डावीकडे. तिथे खांब होता.

मी त्याच्याकडे गेलो नाही. लोक बघत होते.

२९ डिसेंबर

का केलं त्याने?

प्रोथेरोच्या गाडीतून आला, प्रोथेरोचं खाऊन आला, आणि मला जिंकवलं. याच्या मागे काय आहे? प्रोथेरोने सांगितलं असेल, ब्लेधिनचं नाव घे, लॉइडची फजिती कर, आणि ते उलटलं. हो, असंच असणार. नाहीतर दुसरं काय असेल?

लौरीला हे सांगितलं. पंचवीस दिवसांनी ती माझ्याशी पहिलं वाक्य बोलली. "तुम्हाला डॉक्टर नको, इथेल. तुम्हाला आरसा हवा."

१ जानेवारी

मटण मारेडला चाखू न देता खाल्लं. काही झालं नाही. मधाचं चाटणही मागितलं. लौरीने दिलं, पण चमचा आपटून.

५ जानेवारी

तिदिर गेला. परवा, केनंटला. त्या दिवसाच्या गारठ्याने छाती भरली.

बातमी आणणाऱ्याला मी पहिला प्रश्न काय विचारला? "शेवटी काय खायला घातलं त्याला?" तो माझ्याकडे बघतच राहिला.

८ जानेवारी

आज प्रोथेरो आला. डेर्वेनच्या उंबऱ्यावर प्रोथेरो! वीस वर्षांत पहिल्यांदा. मी भिंतीवरची तलवार जवळ आहे ना ते पाहिलं. तो आत येऊन शेकोटीशी तिदिरच्या जागेवर बसायला लागला, मग त्याचं त्यालाच कसंसं झालं, उभा राहिला.

"बीर तरी देशील का? तुझा म्हातारा माझी सगळी पिऊन गेला."

लौरीने दिली. त्याने कोटातून घडी घातलेला, लाख लावलेला कागद काढून टेबलावर ठेवला. "हे तुझं. माझ्या हाताने लिहिलंय, अक्षराला नावं ठेवायची नाहीत. त्याला दिसत नव्हतं, घरात लिहिणारा मी एकटाच. चार दिवस, लॉइड! चार दिवस बिछान्याशी बसून तुझं कौतुक लिहिलं मी. तुझं! माझ्या बायकोला वाटलं मला वेड लागलं."

"काय आहे हे?"

"विचारू नको. त्याने शपथ घातलीय, तू लंडनच्या वाटेला लागल्याशिवाय उघडायचं नाही. घराच्या छपराखाली वाचलंस तर साल काढणार नाहीस म्हणे. छपराबाहेर चालतं का, विचारलं मी. म्हणाला, बघू या चालवून."

 ते शोकगीत! शत्रूच्या हाताने लिहिलेलं!

"तू त्याला काय दिलंस यासाठी?" मी विचारलं. आवाज माझाच मला परका वाटला.

प्रोथेरो मोठ्याने हसला. मग हसायचा थांबला. "मी मागत होतो रे त्याच्याकडे. मलाही एक रचून दे म्हणालो. परगण्यातला शेवटचा कवी माझ्या घरी आयता चालत आला. दुभती गाय देऊ केली, डोंगराखालचं कुरण देऊ केलं. म्हणतो कसा, 'माझ्यात आता एकच उरलंय, आणि त्याचा धनी ठरलेला आहे.' आणि त्या दिवशी कचेरीला न्यायला मी काही त्याला बोलावलं नव्हतं. गाडीत स्वतः चढून बसला. म्हणाला, 'तो ब्लेधिनपाशी अडकणार. मला माहीत आहे, मीच शिकवलंय.'"

प्रोथेरोने बीर संपवून भांडं खाली ठेवलं.

लौरीने विचारलं, "माझ्या रडण्याच्या ओळी किती ठेवल्या त्याने?"

"चार, वहिनी. मोजून चार. हात मोडला माझा."

"मी दोन सांगितल्या होत्या," लौरी म्हणाली. "दोन पुरे, म्हटलं होतं." आणि भांडं उचलून आत निघून गेली. बराच वेळ बाहेर आली नाही.

जाताना प्रोथेरो दारात घुटमळला. "तू तरी सुटलास, लॉइड. मी मरेन तेव्हा माझ्यावर पाद्री इंग्रजीत काहीतरी पुटपुटेल आणि झालं." मी त्याच्यामागून बाहेर आलो. त्याच्या घोड्याचा लगाम धरला. हे मी कोणासाठीही करत नाही.

९ जानेवारी

लौरीने सगळं सांगितलं. आता सांगायला हरकत नाही म्हणाली, ज्याची भीती होती ते तुम्हाला कळूनच गेलंय.

उन्हाळ्यात तिदिरच तिच्याकडे आला होता. "बाईसाहेब, मी धन्यांच्या आधी जाणार. मग त्यांच्यावर रचणार कोण? बाबांवर मी रचलं, आजोबांवर माझ्या गुरूने. सतरा जणांवर सतरा आहेत. ब्लेधिनवरसुद्धा आहे. हे एकटेच गीताविना जातील का?" इंग्रजीत रमलेल्या रॉजरला आपल्या भाषेतल्या चार ओळीही समजणार नाहीत, हे तो बोलला नाही. लौरीला कळलं. ते गुपचूप लिहायला बसले, कारण माझ्या कानावर गेलं तर माझंच वाईट. छातीचं, दम्याचं ती विचारत होती ते सालासाठी. अंदाज घेत होती, बिचारी. कितीपर्यंत घालावं?

"आणि वीस?" मी ओरडलो. "वीसखाली रेघ?"

"नुसतं कानाला गोड लागलं हो त्याला. जिवाला किती लागलं ते तुम्हाला काय सांगू! रेघ मारली ती खोडायला. मग रडायलाच लागला. म्हणाला, वृत्त मेलं तरी चालेल, हे नको."

मी खोडायची रेघ अधोरेखा म्हणून वाचली. नीट बघितलं असतं तर जराशी वरच आहे, अक्षरांतून गेलेली. पण मी नीट बघतो कधी?

११ जानेवारी

आज निघालो. तिदिरला केनंटच्या चर्चमागे पुरलंय. वाट वाकडी करून गेलो. टोपी घालूनच उभा राहिलो, डोंगरावरून वारा होता.

१४ जानेवारी, लंडनची वाट, सराईच्या अंगणात, उघड्यावर

लाख फोडली.

साल भरलंय — सोळाशे एक्केचाळीस. तेव्हा मी चौऱ्याहत्तर वर्षांचा असेन, त्याच्याएवढा. खाली प्रोथेरोच्या कोंबडीच्या पायांच्या अक्षरात टीप — "धनी, याच्या आधीचं एकही साल वृत्तात बसलं नाही. सगळी म्हणून पाहिली. माझा नाइलाज आहे. — तिदिर."

लौरीचा पहिला कागद खिशातच होता. काढून पाहिला. "वीस — छान बसतं."

खोटं बोललास, म्हाताऱ्या.